आधी ओळख, मग उत्खनन



स्वागत समितीच्या वतीने गोमंतभूमीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. खोल समुद्रातील उष्णजलस्रोतांवरचे जीवाणू हा परिषदेचा विषय, आणि त्यासाठी पणजीइतके साजेसे ठिकाण नाही. जवळच दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. या ध्रुवीय केंद्राच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवर टिपलेली सक्रिय स्रोताची छायाचित्रे डिसेंबर २०२४ मध्ये जगासमोर आली. त्यांचे अभिनंदन करणे हे माझे पहिले कर्तव्य समजतो.

या विषयाची सुरुवातच अनपेक्षित आहे. १९७७ साली गॅलापागोसजवळ 'ॲल्विन' पाणबुडी अडीच हजार मीटर खाली उतरली, तेव्हा मोहिमेवर भूशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. त्यांना गरम झरे हवे होते. झऱ्यांभोवती दिसली शिंपल्यांची आणि लांबलचक नळीकृमींची दाटी. या कृमीला तोंड नाही, आतडेही नाही. मग तो जगतो कसा? हार्वर्डची विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ हिने १९८१ मध्ये उत्तर दिले: त्याच्या शरीरातच जीवाणू राहतात. ते हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात, तिच्या बळावर अन्न तयार करतात आणि यजमानाला पोसतात. असे जीवाणू असतात हे विनोग्रॅडस्की यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. त्यांच्या जिवावर अख्खी वस्ती उभी राहते, हे आता कळले.

आज नमुन्यातला डीएनए वाचून अनोळखी जीवाणूंचा माग लागतो. पण प्रचलित संहितेनुसार रीतसर नाव हवे, तर जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून किमान दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. कुणाला ऑक्सिजन सोसत नाही, कुणाला सल्फाइड हवे, कुणाला कढत पाणी. इतके मानी पाहुणे आमच्या स्वागत समितीच्या वाट्याला आले नाहीत, हे आमचे भाग्य! मात्र असे जीवाणू वाढवण्याच्या चिकाटीचे फळ मोठे असते. जपानी शास्त्रज्ञांनी ओकिनावाजवळच्या स्रोतांतील दोन जीवाणूंचे जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते आपल्या जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टरचे नातलग निघाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला आणि हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड खनिजांचा शोध घेण्याचा हक्क मिळवला. ही खनिजे याच उष्णजलस्रोतांनी साठवलेली आहेत. खाण म्हणजे काय, हे गोमंतकीयांना सांगावे लागत नाही. शेतात उतरलेली खाणीची माती डिचोली आणि सांगे तालुक्यांनी पाहिली आहे. तिथे निदान शेत कोणाचे होते, हे ठाऊक होते. समुद्रतळावर तर कोण राहते, याचीच यादी अपुरी आहे.

म्हणून या परिषदेने ठराव करावा: खनिजशोधाच्या प्रत्येक सफरीवर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असावा, मिळालेले जीवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात जमा व्हावेत, आणि ही नोंद पुरी होईपर्यंत उत्खननाचा परवाना कोणालाही मिळू नये. विद्यार्थ्यांनी ही मागणी उचलून धरावी, असे आवाहन करून मी आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो.