गांजा आणि क्षणभराची आठवण



वाणी तीन वस्तूंचे भाव सांगतो.
तुम्ही ते मनात धरता…
आणि बेरीज करता.

हे क्षणभर मनात धरणं, म्हणजे कार्यरत स्मृती.
गांजा घेणाऱ्यांत फरक दिसतो, तो इथे.

2025 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला.
हजार तरुणांच्या मेंदूचे एमआरआय त्यात तपासले होते.
यंत्रात झोपलेल्या तरुणांना एकामागून एक चित्रं दाखवली होती.
हे चित्र दोन चित्रांपूर्वीचंच आहे का?
एवढंच ओळखायचं.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे रक्तपुरवठा वाढतो.
यंत्र तेच टिपतं.

आयुष्यात हजाराहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत…
मेंदूची ही हालचाल कमी दिसली.
चित्रांची ही चाचणी धरून एकूण चाचण्या होत्या सात.
ठळक फरक दिसला, तो कार्यरत स्मृतीत.
हो, त्याच क्षणभराच्या आठवणीत.

पण एका वेळचं चित्र कारण सांगत नाही.
मेंदू आधीपासूनच वेगळा असेल तर?
हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात 9-10 वर्षांची हजारो मुलं निवडली…
गांजा हाती येण्याआधीच.
ती मोठी होत आहेत,
आणि त्यांच्या मेंदूची छायाचित्रं पुन्हा पुन्हा घेतली जात आहेत.