परवानग्यांचें भाषांतर

आमच्या पलूसजवळचें कुंडल १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होतें आणि भोंवतालचा बराच मुलूख इंग्रजी अंमलाखालीं होता. शिवारें लागून असलीं तरी एका हद्दींतला हुकूम दुसऱ्या हद्दींत आपोआप चालत नसे. संगणकांच्या जाळ्यांत आज हीच अडचण आहे. ती ठाऊक नसेल, तर ज्याला आपण मनाई केली त्याच्याच हातीं कागद पडावयाचा.

एका संगणकावर ठेवलेल्या फायली जाळ्यावरून अनेक जण उघडतात. कोणीं काय पाहावें, काय बदलावें, याचे नियम त्या फायलींस जोडलेले असतात. १९६९ सालीं जन्मलेल्या युनिक्सची रीत आटोपशीर आहे. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. प्रत्येकास वाचणें, लिहिणें व चालविणें या तीन परवानग्या. एकूण नऊ खुणा झाल्या. पुढें त्यांत निरनिराळ्या व्यक्तींचीं व गटांचीं नांवें घालण्याची सोय झाली. मात्र तिच्या प्रमाणीकरणाचा मसुदा १९९८ मध्यें मागें घेण्यांत आला. १९९३ च्या विंडोज एनटींत नांवनिशीवार यादी असते. तींत परवानगीप्रमाणें स्पष्ट मनाईही लिहितां येते. जाळ्यावरून फायली पुरविणारी एनएफएस ही व्यवस्था १९८४ पासून युनिक्सच्या वळणाची होती. तिच्या २००० सालच्या चौथ्या आवृत्तीनें विंडोजसारखी यादी स्वीकारली. परिणामीं मागणारा एक भाषा बोलतो आणि साठविणारा पुष्कळदां दुसरी.

एक उदाहरण घेऊं. शाळेचें निकालपत्रक सर्व शिक्षकांनीं पाहावें, परंतु ज्यांचीं मुलें यंदा परीक्षेस बसलीं आहेत त्यांनीं पाहूं नये, असें ठरलें. विंडोजच्या यादींत पालकांच्या गटाला आधीं मनाई व नंतर शिक्षकांच्या गटाला परवानगी लिहिली, कीं काम भागतें. युनिक्सच्या यादींत मात्र दोन्ही गटांत असलेल्या माणसाला एका गटानें वाट दिली, कीं दुसऱ्याचा नकार चालत नाहीं. म्हणजे भाषांतर करणाऱ्यापुढें दोनच मार्ग उरतात. मनाई गाळावी, तर पत्रक नको त्यास दिसतें. सर्वांनाच अडवावें, तर काम खोळंबतें. लिनक्सची एनएफएस व्यवस्था या दुसऱ्या, सावध मार्गाकडे झुकते. तें योग्यच आहे. कारण खोळंबलेलें काम उद्यां करतां येतें, पण फुटलेला निकाल परत झांकतां येत नाहीं.

तथापि याहून बरा उपाय आपल्याच हातीं आहे. मनाईचीं कलमें रचण्याऐवजीं ज्यांना खरोखर अधिकार द्यावयाचा त्यांचाच निराळा गट करावा व तेवढ्यासच परवानगी द्यावी. हें वाक्य दोन्ही भाषांत सारखेंच उतरतें. मग ज्याला मनाई आहे त्याच्या नांवानें, दोन्ही बाजूंच्या संगणकांवरून, फाईल उघडून पाहावी. नियम कागदावर कसा दिसतो यापेक्षां दारावर कसा चालतो, हेंच अखेर महत्त्वाचें.