पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण



आज मला चलनांच्या जुन्या भावांबद्दल बोलायचे आहे, आणि त्यासाठी जुन्नरसारखी जागा नाही. कोकणातून घाटावर चढणारा माल नाणेघाटातून इथे येई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांची दक्षिणा कोरून ठेवली आहे. त्यात गाई, घोडे, हत्ती आहेत तशी हजारो कार्षापण नाणीही आहेत. मानमोडीच्या डोंगरावर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ व्या वर्षाचा लेख आहे. इथल्या लेण्यांना दान देणाऱ्यांत यवनही, म्हणजे ग्रीकही, होते. सातवाहन, क्षत्रप आणि यवन अशी तीन जगे ज्या गावात भेटली, तिथे नाण्यांची अदलाबदल रोजचीच असणार.

या अदलाबदलीचा भाव काय होता? त्याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर आहे. नहपानाचा जावई उषवदात याने सत्तर हजार कार्षापण दान दिले आणि लेखात हिशेबही मांडला: पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणून दोन हजार सुवर्ण. पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा दर आपल्याला आकड्यासह मिळतो, हे मला फार मोलाचे वाटते. नहपानाचे चांदीचे नाणे हाच तो कार्षापण, असे बहुतेक नाणकशास्त्रज्ञ मानतात. त्याने सोन्याचे नाणे पाडल्याचा पुरावा नाही. म्हणजे इथल्या चांदीचा भाव बाहेरच्या सोन्यात मोजला जात होता. ते सोने कुषाणांचे की रोमचे, यावर विद्वानांत वाद आहे. माझा कल रोमकडे आहे. रोममध्ये सोन्याच्या एका नाण्याला चांदीचे पंचवीस दिनार मिळत. नहपानाचे नाणे दिनारापेक्षा बरेच हलके, साधारण दोन ग्रॅमचे. हलक्या नाण्यांची संख्या जास्त लागणार, हे ओघानेच आले.

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराची नोंद आहे. रोमचे सोन्या-चांदीचे नाणे तिथे आणले की स्थानिक नाण्यांशी बदलताना फायदा होई. मिनँडर आणि अपोलोडोटस या यवन राजांची जुनी नाणीही तिथे चालत होती. त्यांची राज्ये तोवर कधीच संपली होती. राजे गेले तरी चांदी चलनात राहिली. दर ठरवतो तो तराजू आणि तो हातात धरणारा माणूस, राजाचा छाप नव्हे, हे माझे आजचे म्हणणे आहे.

याचा पुरावा नाशिकजवळच जमिनीतून वर आला. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. क्षत्रपांचा पराभव केलेल्या राजाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत, वजनही बदलले नाही. ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकाच साठ्यात सापडली. साठवणाऱ्याच्या लेखी दोन्हींची चांदी सारखीच होती.

सोळा शतकांनंतर हाच विचार शिवनेरीवर जन्मलेल्या राजाने बोलून दाखवला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या मागण्यांत त्यांचे नाणे स्वराज्यात चालावे, हेही कलम होते. महाराजांनी ते करारात बांधून घेतले नाही. कोणतेही नाणे चालायला आपली मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्तीही आपण करणार नाही. नाणे मुघलांच्या नाण्याइतके शुद्ध आणि वजनदार असेल तर ते चालेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. परक्या चलनाबद्दल इतके स्वच्छ आणि रयतेच्या बाजूचे धोरण त्या काळात दुसऱ्या कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

पेशवाईत तर रुपयेच अनेक. नाणे कुठल्या टांकसाळीचे, किती झिजलेले, हे पाहून सराफ बट्टा सांगे. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात सारा भरतानाही ही वजावट होई. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा १८० ग्रेनचा एकच रुपया आला आणि हळूहळू सराफांच्या बट्ट्याच्या वह्या निरुपयोगी ठरल्या. निरुपयोगी ठरल्या म्हणून त्या फेकल्या गेल्या, याचे मला अतिशय वाईट वाटते. आज नारायणगावचा द्राक्ष बागायतदार युरोचा भाव मोबाईलवर पाहतो. त्याच्या पूर्वजांनी कुठला रुपया कुठल्या भावाने घेतला, ते फक्त त्या वह्याच सांगू शकतात.

उषवदाताच्या दानाबद्दल लेख सांगतो की ते निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि फलकावर नोंदवले गेले. ती नोंद झाली म्हणून आपण आज पस्तीसचा आकडा उच्चारू शकतो. आपल्या घरांतल्या नोंदींचे काय? डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडाले तेव्हा घरे उठली, आणि घरे उठतात तेव्हा कागद आधी हरवतात. घोडेगाव, मंचर, ओतूर, जुन्नरच्या वाड्यांत मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. अभ्यासकांना निदान छायाचित्रे काढू द्या. बट्ट्याचा एकेक आकडाही मोलाचा आहे.

आणि शेतात नांगरताना नाण्यांचे गाडगे लागले तर सोनाराकडे नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सुटे नाणे राजाचे नाव सांगते, पण कोणते नाणे कोणत्या नाण्यासोबत चालत होते, हे गाडगे अखंड मिळाले तरच कळते. नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका, गाडग्याचे खापरसुद्धा टाकू नका. आहे तसे तहसील कचेरीत पोचवा, एवढी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.