हिशेबात न धरलेले तास

(सोलापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका लेखिकेने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला येथे बोलावताना संयोजकांनी विषय दिला तो असा : ‘आईपण सांभाळून पुस्तक कसे काढले?’ हा विषय देण्यामागची आपुलकी मी जाणते. तरीही प्रारंभीच एक गोष्ट नोंदवते. माझे पती याच चळवळीतले आहेत. गेली अनेक वर्षे ते सभांना, शिबिरांना, मोर्चांना जातात. ‘बापपण सांभाळून हे कसे जमवता?’ असे त्यांना कोणत्याही व्यासपीठावरून आजवर विचारले गेलेले नाही. मला मात्र पुस्तक निघाल्यापासून पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि पुस्तकात काय आहे हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा येतो. कधीकधी येतच नाही.

पुस्तक लहानसे आहे. बत्तीस पाने, रंगीत चित्रे, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. विड्या वळणाऱ्या एका आईची मुलगी तिच्या सुपाजवळ बसून काय काय पाहते, एवढाच त्याचा विषय. आपल्या शहरातील हजारो घरांत हे सूप रोज सकाळी मांडले जाते. भिजवलेली तेंदूची पाने कात्रीने बेतून कापायची, तंबाखू भरून वळायची, टोके दाबून दोरा गुंडाळायचा आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथे ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढले जाईल याची धाकधूक घेऊनच घरून निघायचे. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी ही मुले आपल्या बालसाहित्यात जवळजवळ दिसत नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले होते, कारण त्या ग्रंथांचा कष्टकऱ्यांच्या जगण्याशी काही मेळ बसत नव्हता. ते पत्र मुलांच्या पुस्तकांनाही लागू पडते असे मला अनेकदा वाटते.

मी दोन प्रकाशकांकडे गेले. एकाने सांगितले की विषय चांगला आहे, पण वाढदिवसाची भेट म्हणून असे पुस्तक कोणी घेत नाही. दुसऱ्याने पुस्तक काढण्याची तयारी दाखवली, मात्र छपाईचा खर्च मी द्यावा आणि वर दोनशे प्रतीही मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. खर्चही आपला आणि खरेदीही आपलीच असेल, तर प्रकाशक म्हणून आपलेच नाव का नसावे, असा साधा विचार मी केला. यात धाडस मोठे नव्हते, गणित होते. दुर्दैवाने ते गणित मी अर्धेच मांडले होते, आणि उरलेल्या अर्ध्याविषयीच मला आज बोलायचे आहे.

मांडलेला अर्धा भाग आधी सांगते. मुलांच्या पुस्तकात चार रंग लागतात. चार रंगांच्या प्लेटांचा खर्च तीनशे प्रती छापा किंवा हजार, तेवढाच येतो. म्हणून प्रती कमी छापल्या की प्रत महाग पडते आणि जास्त छापल्या की पलंगाखाली गठ्ठे साचतात. मी हजार छापल्या. चित्रकार मुलीचे मानधन धरून ३८,००० रुपये खर्च आला, त्यातील २५,००० भिशीचे होते. म्हणजे प्रतीमागे ३८ रुपये. किंमत ६० ठेवली, कारण ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांना त्याहून अधिक परवडणार नाही असे मला वाटले. विक्रेत्याला चाळीस टक्के द्यावे लागतात, तेव्हा हाती ३६ येतात. दुकानातून खपलेल्या प्रत्येक प्रतीवर मला दोन रुपयांचा तोटा! पुस्तकावर जीएसटी नाही हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या कागदावर ते छापायचे त्यावर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळेच तो भरलेला कर प्रकाशकाला परत मिळवता येत नाही, तो निमूटपणे किमतीत जाऊन बसतो. टपालाची कथाही ऐकण्यासारखी आहे. नोंदणीकृत बुक पोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले, त्यात तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. माझे पुस्तक नव्वद ग्रॅमचे आहे. एक प्रत पाठवली तर किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम टपालात जाते. म्हणून मी गिऱ्हाइकांना तीन-तीन प्रती घ्यायला सांगते, आणि बरीच माणसे खरोखरच घेतात.

आयएसबीएन क्रमांक मात्र आपल्या देशात विनामूल्य मिळतो, हे येथे कोणी लिहीत असेल तर तिने लक्षात ठेवावे. तो मिळवून देण्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ मला भेटले होते.

तर निष्कर्ष असा निघाला की पुस्तक आपण स्वतःच्या हातांनी विकले तरच टिकू. शाळांत जायचे, वाचनालयांत जायचे, मुलांना वाचून दाखवायचे, फोनवर चित्रफिती करून टाकायच्या. आणि स्वतःच्या हातांनी विकणे म्हणजे स्वतःच्या तासांनी विकणे, ही गोष्ट माझ्या गणितात नव्हती.

त्या वेळी माझी मुलगी दोन वर्षांची होती. शाळा भरते अकरा ते पाच, हीच तिच्या जेवणाची आणि झोपेची वेळ. साहित्यिक कार्यक्रम होतात संध्याकाळी सहाला, तेव्हा घरात कुकर लावायचा असतो. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुले, वृद्ध, आजारी यांच्या देखभालीचे आकडे १३७ आणि ७५ असे वेगळे आहेत. २०१९ सालच्या पाहणीत घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली याचा आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ वाचलेली दिसतात. ती कोठे गेली हे सर्वेक्षण सांगत नाही, पण पारावर चौकशी करता येईल.

आपल्या मराठीत आईच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींचे केवढे कौतुक आहे! ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजींविषयी पूर्ण आदर राखून म्हणते, तुरुंगात त्यांना निदान सलग रात्री तरी मिळाल्या. गोष्टीतली आई आपल्याला हवी असते, गोष्ट लिहिणारी आई मात्र आपण आपल्या सोयीने पाहतो. बहिणाबाई जात्यावर आणि शेतात गाणी रचत राहिल्या. ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, आणि तीही मुलगा स्वतः कवी होता म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. दळताना रचता येते, कारण हात गुंतलेले असले तरी तोंड आणि मन मोकळे असते. परंतु दळताना मुद्रिते तपासता येत नाहीत, की ग्रंथपालाच्या खोलीबाहेर ताटकळता येत नाही. रचना आणि प्रकाशन यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती प्रतिभेची नसून वेळेची आहे.

आता जे सांगायचे आहे ते मला थोडे जड जाते.

माझी नोकरी मुलीच्या जन्मानंतर सुटली होती. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन सव्वीस आठवड्यांची रजा आली, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आले. पण कंत्राटावर, चार-दोन माणसांच्या ठिकाणी, किंवा माझ्यासारखे घरी बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून मी दुपारी मुलीला शेजारच्या अक्कांकडे ठेवू लागले. अक्का विड्या वळतात. महिन्याला ६०० रुपये देण्याचे ठरले. त्या ‘नको’ म्हणत होत्या, आणि त्यांचा तो नकार ऐकून मला आपण उदार आहोत असे वाटले होते.

दहा महिने असे चालले. मी शाळाशाळांतून फिरत होते, पुस्तक वाचून दाखवत होते, ‘विडी कामगारांच्या मुलांना आवाज देणारी लेखिका’ असा माझा परिचय करून दिला जात होता. एके दिवशी मी आमच्याच भागातील एका शाळेत सातवीच्या वर्गात गेले. अक्कांची मोठी मुलगी त्या वर्गात आहे हे मला ठाऊक होते, तिच्यासाठी एक प्रत सही करून वेगळी ठेवली होती. ती वर्गात नव्हती. मी बाईंना विचारले. त्यांनी हजेरीपट उघडला आणि म्हणाल्या, “दुपारच्या सुट्टीनंतर ती थांबतच नाही. घरी लहान मूल असतं, म्हणते.”

घरी लहान मूल असते. अक्कांच्या घरी लहान मूल नाही. ते मूल माझे होते.

संध्याकाळी मी अक्कांशी बोलले. त्यांनी तक्रार केली नाही, केवळ हिशेब सांगितला. पोर कडेवर असताना रोज तीनशेच्या आसपास विड्या कमी होत. माल कमी गेला तर पुढे पाने कमी मिळतील ही भीती होती. म्हणून मुलगी दुपारी येऊन कधी माझ्या पोरीला खेळवी, कधी सुपावर बसे. माझ्या पुस्तकात एक मुलगी आईच्या सुपाजवळ बसून स्वप्ने पाहते. ते पुस्तक विकता यावे म्हणून एक खरी मुलगी सुपाजवळ बसली होती.

त्या रात्री मी अर्धवट राहिलेले गणित पूर्ण केले. रोजच्या तीनशे विड्यांची मजुरी, पंचवीस दिवस, दहा महिने, असे करत १५,००० रुपये झाले. मी दिले होते ६,०००. हजार प्रतींवर वाटले तर पंधरा रुपये प्रतीमागे. म्हणजे पुस्तकाची खरी किंमत ३८ नव्हती, ५३ होती, आणि यात माझे तास अजून शून्यच धरलेले आहेत. साठ रुपयांतले जे पुस्तक स्वस्त म्हणून मी मिरवत होते, त्याची स्वस्ताई अक्कांच्या सुपातून आली होती. मालक विडी कशी स्वस्त करतो हे मी पुस्तकात रंगवले होते. स्वतःचा जमाखर्च मात्र त्याच वहीत लिहायला मी विसरले.

राहिलेले ९,००० मी हप्त्यांनी दिले. अक्का अजूनही म्हणतात की ते जास्त आहेत. मुलगी दुपारी वर्गात थांबू लागली, पण दहा महिन्यांचा अभ्यास मागे पडला तो पडलाच. गणितात ती कच्ची राहिली आहे, आणि मी ते शिकवते म्हणून भरपाई होते असे मी मानत नाही. आमच्या घरी एवढा बदल झाला, की सोमवार आणि गुरुवारच्या संध्याकाळी मुलीला पती पाहतात. पहिल्या महिन्यात दोन बैठका त्यांच्याविना पार पडल्या. पक्षाचे काही अडले नाही, हे त्यांनीच मला हसत सांगितले.

येथे कोणी म्हणेल की हा घराघरांतला प्रश्न आहे, पक्षाने त्यात काय करावे? १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हाही तेल आणि साखर हा घरातलाच प्रश्न होता. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले, ते काम जेथे आहे तेथे पाळणा नेण्यासाठी. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होते, पण ते कारखान्याच्या आवारापुरते. मालकांनी काम घरी पाठवले आणि कायद्यातले पाळणाघर कारखान्यातच राहिले. घरी वळली जाणारी विडी आणि घरी लिहिले जाणारे पुस्तक यांत अंतर फार मोठे आहे, मला ते पुसायचे नाही. माझ्या हाती निवड होती, अक्कांच्या हाती ती नाही. पण घर हेच कामाचे ठिकाण झाले की बाईचे तास कोणाच्याच वहीत येत नाहीत, हे दोन्हीकडे सारखे आहे. तेव्हा मागणी करायची तर वस्तीतल्या पाळणाघराची करावी, आणि ते अंगणवाडीला जोडून, दिवसभर चालणारे असावे. सेविकांचे मानधन आहे तेवढेच ठेवून तास वाढवायचे असतील तर मात्र मी त्या मागणीत नाही. पुन्हा एक बाई दुसरीच्या सुपावर बसेल.

दुसरी गोष्ट वाचनालयांची. १९६७ च्या कायद्याखाली राज्यभर हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदान घेतात. त्यांची खरेदी विक्रेत्यांमार्फत, सवलतीच्या टक्क्यांवर होते. एका पुस्तकाची प्रकाशिका दारात उभी राहिली तर तिच्याकडून चार प्रती घ्यायला हरकत नसते, तरी ‘पाहू’ म्हणून तिला परत पाठवले जाते. अशा अनेक ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर आपलेच साथी आहेत. त्यांना ठराव नको, एकदा चहा पिताना आठवण करून दिली तरी पुरे.

आजवर ६४० प्रती खपल्या. त्यांतील ११० दुकानांतून, बाकीच्या मी हातोहात विकल्या. हाती आले ३५,७६० रुपये, म्हणजे भिशी फिटली, पण छपाईचे २,२४० अजून यायचे आहेत. टपाल आणि रिक्षाभाडे मी मोजलेले नाही. साठ प्रती शाळांना दिल्या. उरलेल्या तीनशेपैकी काही बाहेरच्या टेबलावर आहेत. किंमत साठच आहे, ती मी वाढवलेली नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर पंचाहत्तर करावी लागेल आणि त्यातले पंधरा कोणाचे, हे मागच्या पानावर छापण्याचा माझा विचार आहे.

शेजारच्या खोलीत आपली सतरा मुले आहेत आणि दोन तरुण साथी त्यांना सांभाळत आहेत. त्यांना साडेसहापर्यंतच थांबायचे कबूल केले होते, आणि आता पावणेसात होत आले आहेत. म्हणून मी येथेच थांबते.