बारा व्होल्टचा रहाट



पाण्याच्या दाबाने भिंती धुण्याच्या आपल्या धंद्यात पंपाच्या दाबावर तासन्‌तास चर्चा होते, इंजिनाच्या ताकदीवर होते, नोझलवरही होते. प्रेशर पाइप गुंडाळणाऱ्या रिळाच्या मोटरपर्यंत वीज कशी पोचते, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी त्याच विषयाला देणार आहे. माझं म्हणणं असं की, पंप आणि रीळ वाहणाऱ्या ट्रेलरवरची बारा व्होल्टची वायरिंग घरातल्या दोनशे तीस व्होल्टच्या वायरिंगपेक्षा जड काम आहे, आणि आपण ते हलकं समजून उरकतो. हे बोलायला नेरूळइतकी योग्य जागा नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यानंतर शेवाळाने काळवंडलेल्या सोसायट्यांच्या भिंती, आणि पलीकडे टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या शेड. गिऱ्हाईक इथे, कारागीर इथे, आणि तांब्याला खाणारी खारी हवाही इथेच.

हिशोब साधा आहे. एक तृतीयांश अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे २५० वॅट. २३० व्होल्टवर तिला एक-सव्वा अँपियर पुरतात. बारा व्होल्टवर कागदावरच २१ अँपियर होतात, आणि मोटरमधली तूट धरली की आकडा ३०च्या घरात जातो. तार तापते ती अँपियरने, तीही वर्गाच्या पटीत. आता बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आणि रीळ मागे, मध्ये ५ मीटर अंतर धरा. वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार १० मीटरची. घरातल्या पॉवर पॉइंटला घालतो ती अडीच चौरस मिलिमीटरची तार इथे ओढली, तर वाटेतच जवळजवळ २.४ व्होल्ट जिरतात. २३० मधून एवढे गेले तर पंख्यालाही कळणार नाही. बारामधून गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला. रीळ कण्हत फिरतं, पोरगा हाताने ढकलायला लागतो, आणि दोष मोटरच्या माथी बसतो. सहाची तार घातली तर तूट एक व्होल्ट, सोळाची घातली तर पाव-अर्ध्या व्होल्टच्या दरम्यान. जॉर्ज ओमने १८२७ साली मांडलेल्या नियमाला ट्रेलर म्हणून सवलत मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, रीळ फिरतं जेमतेम मिनिटभर, एवढ्यासाठी जाड तारेचा खर्च कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग आपल्या कामाचाच आहे. ३० अँपियर एक मिनिट म्हणजे अर्धा अँपियर-तास. दिवसात वीस वेळा पाइप गुंडाळला तरी दहाच अँपियर-तास खर्ची पडतात. इंजिनाची तीन अँपियरची चार्जिंग कॉइल चार तासांत बारा अँपियर-तास देते, म्हणजे वाटेतली थोडी गळती धरूनही जमाखर्च जवळपास जुळतो. तेव्हा मिनिटभराच्या वापराचा फायदा बॅटरी आणि चार्जिंगला मिळतो, तारेला नाही. मोटर सुरू होते त्या पहिल्या क्षणी, किंवा ओला पाइप टायरखाली अडकतो तेव्हा, प्रवाह तीसच्या कितीतरी पट चढतो, आणि तारेची परीक्षा त्याच क्षणी होते. आपण मात्र उलट करतो: भलीमोठी बॅटरी घेतो आणि तिचा खर्च तारेत काटकसर करून भरून काढतो.

दुसरी काटकसर परतीच्या तारेची. मोटारीत चालतं म्हणून निगेटिव्ह चासीला बोल्टने आवळून मोकळं व्हायचं. पण ट्रेलरची चासी दिवसभर भिजते, तिच्यावर डिटर्जंट आणि ब्लीच सांडतं. रंगावर कसलेल्या त्या बोल्टखाली पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. परतीची तार थेट बॅटरीपर्यंतच न्यावी. आणि ती साध्या तांब्याची नको. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपल्या घरात कल्हई करून घेत; कथिलाचा मुलामा दिलेली तार ही तीच कल्हई आहे. एखादा जुना जोड उघडून पाहा. काळी टेप चिकट होऊन सुटलेली असते, थिंबलमध्ये शिरलेल्या तारांचा तांबूस रंग जाऊन हिरवट भुकटी उरलेली असते, आणि दोन-चार तारा तर दाबल्याच गेलेल्या नसतात. तीस अँपियर त्या उरलेल्या तारांतून जात असतात. योग्य मापाच्या दाबयंत्राने थिंबल दाबून आतून गोंद असलेली नळी तापवून बसवली, तर पाणी आत शिरायला वाटच राहत नाही.

‘बारा व्होल्टचा शॉक बसत नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. शॉक क्वचितच बसेल, हे मान्य. आग मात्र लागते. चांगल्या बॅटरीचं शॉर्ट सर्किट झालं तर शेकडो अँपियर वाहतात, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो रिळाजवळ लावला तर मधली सगळी तार उघड्यावर. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं तर घातक, कारण फ्यूज मोटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. बटणातूनही मोटरचा प्रवाह नेऊ नये. बटणाने फक्त सोलेनॉइड ओढायचा, भार सोलेनॉइडने वाहायचा.

राहता राहिला मजुरीचा मुद्दा. हाताने गुंडाळणारी माणसं असताना मोटर हवीच कशाला? साठ मीटरचा भिजलेला पाइप पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो, आणि तो दिवसातून वीस वेळा ओढायचा असतो. विहिरीवर रहाट आला तेव्हा ओढणाऱ्याची पाठ वाचली. इथेही पाठ वाचवण्याचाच प्रश्न आहे, आणि मला तो तारेच्या किमतीहून मोठा वाटतो.

ट्रेलर बनवणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच. बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून मराठीत वायरिंगचा नकाशा चिकटवा, त्यावर तारेचं माप आणि फ्यूजचा आकडा लिहा. आणि ताबा देताना गिऱ्हाइकासमोर भरलेला पाइप गुंडाळत मीटर लावा, एकदा बॅटरीच्या टोकांवर, एकदा मोटरच्या. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो ट्रेलर शेडबाहेर जाऊ देऊ नका.