शोधनिबंध सर्वांच्या नजरेखाली यावा
(मुंबई उपनगरात झालेल्या शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



औषधाची बाटली आपल्या हाती दुकानातून येते. परंतु तिच्यावरील विश्वासाचा पाया शोधनिबंधात घातला जातो. किती रुग्णांना औषध दिले, मात्रा किती होती, कोणते अपाय आढळले, हे संशोधकाने लेखी मांडावयाचे, अन्य तज्ज्ञांनी तपासावयाचे आणि मगच संपादकाने छापावयाचे, अशी या क्षेत्रातील रीत आहे.

या कार्यात आपल्या उपनगरांचाही वाटा आहे. प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३९ साली सुरू केलेले ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ १९७८ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस’ या नावाने निघू लागले. ते प्रसिद्ध करणाऱ्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचे कार्यालय सांताक्रूझ पूर्वेस कलिना येथे आहे. घाटकोपर पूर्वेस डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ या संस्थेने ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’सारखी नियतकालिके संगणकाच्या जाळ्यावर वाचकांना विनामूल्य खुली केली. २०११ साली ती संस्था वोल्टर्स क्लूवर या परदेशी प्रकाशन समूहात गेली.

निबंध सर्वांना खुला असण्याचे महत्त्व काय? छापून आले म्हणजे सिद्ध झाले, असे नव्हे. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या नामवंत नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही काळ थांबविली. अनेक संशोधकांनी आकडेवारीवर शंका घेतल्या. मूळ माहितीची स्वतंत्र तपासणी होऊ शकली नाही आणि ४ जून रोजी तो निबंध मागे घेण्यात आला. तज्ज्ञांच्या तपासणीतून निसटलेली चूक जागरूक वाचकांनी पकडली.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या केंद्रीय योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध होऊ लागली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. शाळा व ग्रामपंचायती मात्र तिच्या कक्षेत नाहीत. त्यांच्यासाठी खुली नियतकालिके हाच आधार आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच, की गावात कोणी ‘संशोधनाने सिद्ध’ असे औषध विकावयास आला, तर त्याला विचारा: निबंध कोठे छापला? कोणी तपासला? तो आम्हांस वाचावयास मिळेल काय? उत्तर मिळाले, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा. न मिळाले, तर पैसे खिशातच राहू द्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!