चेहऱ्यावरील लाली : रोझेशिया समजून घेताना



गाल, नाक, कपाळ व हनुवटी यांवर वारंवार उमटणारी आणि कालांतराने कायमची मुक्काम करणारी लाली म्हणजे रोझेशिया. चेहऱ्याच्या त्वचेचा हा दीर्घकालीन विकार बहुधा तिशीनंतर दिसू लागतो. तो संसर्गजन्य नाही. स्पर्शाने वा टॉवेलने दुसऱ्यास होत नाही. त्वचेची प्रतिकारयंत्रणा, रक्तवाहिन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नसा, अनुवंश आणि त्वचेवर वसणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव या साऱ्यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते.

लालीसोबत पुळ्या आल्या की त्यांना मुरुम समजले जाते. परंतु मुरुमांत ब्लॅकहेड असतात, रोझेशियात नसतात. शिवाय गव्हाळ व सावळ्या वर्णात लाली झाकली जाते. म्हणून जळजळ, धग आणि टोचल्यासारखे वाटणे या तक्रारींकडे अधिक लक्ष द्यावे. डोळे खुपणे, लाल होणे, पापण्यांच्या कडा सुजणे हीही याच विकाराची लक्षणे असू शकतात. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास बुबुळाला इजा पोहोचण्याचा धोका असतो.

काही रुग्णांत, विशेषतः पुरुषांत, नाकाची त्वचा जाड व ओबडधोबड होते. लोक त्याला मद्यपानाची खूण मानतात. मद्याने लाली भडकते हे खरे. पण ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्शही केला नाही, त्यालाही हा विकार होतो. निर्व्यसनी माणसाला आजारासोबत असा संशयही सोसावा लागणे, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

ऊन, उकाडा, गरम पेये, तिखट पदार्थ व मानसिक ताण यांनी लाली उफाळते. विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी वैशाखातील दमट हवा, गर्दीची लोकल आणि शेगडीची धग पूर्णतः टाळता येत नाही; मात्र छत्री, सनस्क्रीन व हवेशीर स्वयंपाकघर यांचा आधार घेता येतो. उकळलेले पाणी पिण्याचा नियम असणाऱ्यांनी ते निववून घेतल्यास नियमही पाळला जातो आणि चेहराही शांत राहतो. प्रत्येकाची कारणे वेगळी असतात. ती वहीत नोंदवून ठेवावीत.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातील कपाटातच असतो. गोरेपणासाठी वा पुळ्यांसाठी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असू शकते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच लाली दुपटीने उसळते. भारतातील अनेक केंद्रांतील २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के लोकांना दुष्परिणाम झाले होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइड घटकांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही अंतिम पहारा कुटुंबानेच ठेवावयाचा आहे. असे मलम सुरू असल्यास ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच बंद करावे.

रोझेशिया समूळ नाहीसा होत नाही, पण उत्तम रीतीने आटोक्यात राहतो. मेट्रोनिडाझोल, अझेलेइक आम्ल वा आयव्हरमेक्टिनयुक्त मलम, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि ठळक रक्तवाहिन्यांसाठी लेझर असे उपाय उपलब्ध आहेत. कोणता उपाय कोणास योग्य, हे तज्ज्ञच ठरवतील; गरोदर स्त्रियांना डॉक्सिसायक्लिन सहसा दिले जात नाही. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा धीर सोडू नये.

लाल चेहरा पाहून तर्क करण्याऐवजी आपुलकीने विचारपूस करावी आणि त्या व्यक्तीस वेळेवर तज्ज्ञाकडे न्यावे. समाजाने एवढे केले, तरी कित्येकांचे दुःख हलके होईल.